'बाया मिळत नाहीत' या तक्रारीची दुसरी बाजू

दिवाळी सरते, भात खळ्यावर येते आणि ठाणे जिल्ह्यात भाजीपाल्याचा हंगाम सुरू होतो. त्याबरोबर एक तक्रारही सुरू होते: 'बाया मिळत नाहीत.' भिवंडी, शहापूर, मुरबाड तालुक्यांत जिथे नदीचे, कालव्याचे किंवा बोअरचे पाणी आहे, तिथे भातामागून भेंडी, काकडी, कारली, मिरची लावतात. तिच्या तोडणीला बाया मिळत नाहीत. कसारा घाट चढून नाशिककडे गेले की द्राक्षबागायतदार हेच सांगतात. विरळणीला बाया मिळत नाहीत, कांदा लावायला मिळत नाहीत, टोमॅटो खुडायला मिळत नाहीत.

ही तक्रार खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. भेंडी दिवसाआड तोडावी लागते. चार दिवस झाडावर राहिली तर ती जून होते आणि बाजारात तिला कोणी विचारत नाही. द्राक्षाचा घड वेळेवर विरळला नाही तर मणी दाटीत अडकतात, फुगत नाहीत. फळभाजीची शेती ठरलेल्या दिवशी ठरलेले हात मागते. ते हात आले नाहीत तर वर्षभराचा खर्च वाया जातो, हे शेतकरी कुटुंबातल्या आपल्या मैत्रिणींना चांगले ठाऊक आहे.

पण 'मिळत नाहीत' हे क्रियापद आपण जरा तपासून पाहिले पाहिजे. खत मिळत नाही, डिझेल मिळत नाही, तशा बाया मिळत नाहीत. या वाक्यात बाई ही एक वस्तू आहे आणि शोधणारा कायम दुसराच कोणी आहे. कामाच्या शोधात असलेली बाई या वाक्यात कुठेच नाही. ती कुठे गेली, का गेली, कोणाच्या शब्दावर गेली आणि तिच्या कामाचे पैसे कोणाच्या हातात पडले, हे प्रश्न विचारल्याशिवाय मजुरांच्या टंचाईची चर्चा पुरी होऊ शकत नाही.

मानकोली नाक्यावरून दिसणारे चित्र

भिवंडी तालुक्यातले मानकोली हे मुंबई–नाशिक महामार्गावरचे नाक्याचे गाव. एकेकाळी या पट्ट्यात भातशेती होती. आज मानकोली, अंजूर, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ या गावांच्या शिवारात गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. नाशिकची द्राक्षे, कांदा, टोमॅटो भरलेल्या गाड्या याच रस्त्याने वाशीच्या बाजाराकडे जातात. आणि बायाही याच रस्त्याच्या आजूबाजूने हलत असतात. सकाळी गोदामांत माल निवडायला, बांधायला जाणाऱ्या बाया असतात. दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, शहापूरकडून भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर बिऱ्हाडासकट उतरणारी कातकरी कुटुंबे असतात. तिकडे घाटावर पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या आदिवासी बायांच्या टोळ्या पिकअपमध्ये बसून दिंडोरी-निफाडच्या बागांकडे निघालेल्या असतात.

म्हणजे बाया नाहीशा झालेल्या नाहीत. त्या कामावरच आहेत. काही जणींनी वाडीपेक्षा गोदाम पसंत केले आहे. तिथे डोक्यावर छप्पर आहे आणि महिन्याचा आकडा ठरलेला आहे. गोदामातले काम सुखाचे आहे असे नाही. तिथेही ठेकेदार आहे, उभे राहून पाय सुजतात, आणि उद्या बोलावतील की नाही याची खात्री नाही. तरीही बाई ते निवडते, तेव्हा ती वाडीच्या कामाबद्दल काही सांगत असते. आणि बऱ्याच जणींनी काहीच निवडलेले नसते. त्यांच्या वतीने ते आधीच ठरलेले असते. कसे ते पाहू.

शोधणारा कोण?

कोकणपट्टीत सावड होती, देशावर इर्जिक होते. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. आवणीच्या दिवसांत आदल्या संध्याकाळी घरातली बाई वस्तीत फिरून दुसऱ्या दिवसासाठी बाया सांगून येई. मजूर शोधण्याचे हे काम बायकांचेच होते आणि ते ओळखीवर, परतफेडीवर चाले. त्या काळाचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. सावड ही जमीन असणाऱ्यांची आपापसातली सोय होती. कातकरी, वारली बाई त्या परतफेडीत नव्हती. तिच्यासाठी दुसरीच व्यवस्था होती.

ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात 'लग्नगडी' हा शब्द आहे. आदिवासी तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढी आणि त्या कर्जापोटी नवरा-बायको दोघेही त्याच्या शेतावर राबत. कर्ज नवऱ्याचे, राबणे दोघांचे. नव्या नवरीने एक पैसाही मागितलेला नसे, पण लग्नाबरोबर ती गहाणात जाई. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, त्याच वर्षी मे महिन्यात झरीला आदिवासींची परिषद भरली आणि तिथून वेठ व लग्नगडी यांच्याविरुद्धचा वारल्यांचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो सगळा काळ लिहून ठेवला आहे. वेठबिगार पद्धती कायद्याने १९७६ साली रद्द झाली. तरीही १९८० च्या दशकात याच परिसरात, वसई-भिवंडी भागात, श्रमजीवी संघटनेला वेठबिगारांच्या मुक्तीसाठी पुन्हा झगडावे लागले.

आता लग्नगडी नाही, पण उचल आहे. पावसाळ्याच्या शेवटी घरातले धान्य संपलेले असते, हाताला काम नसते, सण तोंडावर आलेला असतो. नेमके तेव्हा मुकादम वस्तीत येतो आणि रोख पैसे देतो. कुठे त्याला उचल म्हणतात, कुठे बयाना. पैसे घेतले की दिवाळीनंतर निघायचे. ही उचल बहुतेक वेळा 'जोडी'वर असते. ऊसतोडीत जसा 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तसेच भट्टीवर आणि कित्येक वाड्यांवर. पैसे पुरुषाच्या हातात दिले जातात, अंगठा किंवा सही त्याची असते. हंगाम संपल्यावर हिशोब होतो तोही त्याच्याशी. बाईच्या नावाची नोंद मालकाच्या वहीत नसते आणि मुकादमाच्या वहीतही नसते. ती आजारी पडली तर खाडा मात्र जोडीचा लागतो.

मजूर शोधण्याची पद्धत इतकी उलगडून सांगण्याचे कारण हे की बाईची मजुरी, तिचे कामाचे तास, तिची सुरक्षितता यांचा निर्णय शेतात होत नाही. तो तिला शोधले जाते त्या क्षणी होतो. जिला जोडीतली अर्धी म्हणून आणले, ती शेतात पोचल्यावर पूर्ण मजूर कशी होणार?

बाईचे काम आणि बाईचा दर

फळभाज्यांच्या शेतीत बाईचे काम 'हलके' समजतात. भेंडीची लव बोटांना टोचते, खाज सुटते, बोटे सोलवटतात. पहाटेपासून वाकून तोडणी केल्यावर निवडणे आणि भरणेही तिच्याकडेच असते. द्राक्षबागेत विरळणी म्हणजे हात वर, मान वर करून दिवसभर बारीक कात्रीने घडातले मणी कमी करायचे. जिब्रेलिक ॲसिडच्या द्रावणात घड बुडवायचे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट काडीच्या डोळ्यांना हाताने लावतात. हे रसायन कातडीला आणि डोळ्यांना घातक आहे. युरोपीय संघाने २००८ साली आपल्या देशांतल्या शेतीसाठी त्याला मान्यता नाकारली. त्याच युरोपच्या बाजारात आपली द्राक्षे जातात. घडावर औषधाचा अंश किती राहिला याची तपासणी काटेकोर होते. पेस्ट लावणाऱ्या हातांत मोजे होते का, ही तपासणीही तितक्याच काटेकोरपणे व्हायला हवी.

या कामाला नजर लागते, हात बसावा लागतो. मालक स्वतः कबूल करतो की चांगली विरळणी बायाच करतात. पण कसब असूनही दर 'बाईचा'. गड्याची मजुरी वेगळी, बाईची वेगळी, हा गावचा रिवाज. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच आला. तो आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला आहे, पण तत्त्व तेच आहे: सारख्या कामाला बाई-पुरुष असा फरक करता येणार नाही. पळवाट साधी आहे. कामच वेगळे ठरवायचे. फवारणी आणि छाटणी गड्याची, तोडणी आणि विरळणी बाईची, म्हणजे तुलनाच करायला नको. एकरी उक्ते काम दिले की बाईचा दर डोळ्यांआड होतो. टोळी किती तास राबली, मुकादमाने किती कापून घेतले, कोणीच विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही सक्तीची मजुरीच होय, असे सांगितले होते. त्या मापाने आपल्या वाड्या-बागांकडे पाहिले तर काय दिसेल?

आणि कामावर पोचण्याचा प्रश्न. ४ एप्रिल २०२५ रोजी हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर विहिरीत पडला आणि सात जणींचा जीव गेला. मालाच्या वाहनात माणसे भरणे ही आपल्याकडे इतकी सवयीची गोष्ट झाली आहे की अपघात झाल्यावरच ती बातमी होते. बाया त्या ट्रॉलीत का बसतात? कारण मजूर शोधणाऱ्याने वाहनही त्याच दराचे शोधलेले असते.

आळशी कोण, अडलेले कोण?

बाया येत नाहीत याचे एक सोपे उत्तर अलीकडे ऐकू येते: फुकट धान्य मिळते, 'लाडकी बहीण'चे पैसे मिळतात, मग कशाला येतील? जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या या योजनेत महिना १५०० रुपये ठरले. म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. ही योजना निवडणुकीसाठी आली की बाईसाठी, यावर वेगळी चर्चा होऊ शकते. पण दिवसाला पन्नास रुपये हाताशी असल्यामुळे जर बाई एखादे काम नाकारू शकत असेल, तर त्या कामाची मजुरी, अंतर आणि वागणूक कशी असेल याचा विचार मालकाने करावा. भुकेपोटी कोणत्याही दराला तयार होणारी बाई आता थोडी कमी अडलेली आहे, एवढाच याचा अर्थ.

आपल्या राज्याला हे नवे नाही. १९७२-७३ च्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली, २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा लागू झाला. त्या कामांवर बाया फार मोठ्या संख्येने आल्या. काम गावाजवळ होते आणि मापाचे पैसे बाईला व पुरुषाला सारखे होते. तेव्हाही बागायतदारांनी मजूर मिळत नसल्याची ओरड केली होती. पुढे २००५ साली देशभर हमीचा कायदा आला. आता डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आहे. त्यात वर्षाला १२५ दिवसांच्या कामाची हमी आहे, आणि पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात मिळून साठ दिवस ही कामे बंद ठेवण्याची तरतूदही आहे. हेतू उघड आहे: शेतीला मजूर मिळावेत.

या साठ दिवसांकडे बाईच्या बाजूने पाहा. वर्षात मोजके आठवडे असे असतात की तिच्या हातांना खरी मागणी असते. तेवढ्याच काळात ती दोन पैसे जास्त मागू शकते, कारण तिच्यापुढे दुसरा पर्याय आहे. हमीचे काम हा तो पर्याय. नेमक्या त्याच आठवड्यांत तो काढून घेतला, तर शेतकऱ्याला मजूर 'मिळेल', पण अडून मिळेल. आणि ज्या बाईच्या गावात शेतीच नाही, जमीन गोदामाखाली गेली आहे किंवा डोंगरउतारावर फक्त पावसाळी नागली-वरई पिकते, तिने त्या साठ दिवसांत काय करावे? मुकादमाच्या उचलीकडे जावे, हेच त्याचे उत्तर होते.

बाहेरच्या जगातली दोन उदाहरणे

स्पेनमधल्या वेल्वा भागात स्ट्रॉबेरी तोडायला मोरोक्कोतून बाया आणतात. लहान मुले असलेल्या आयाच मुद्दाम निवडतात. मुले मागे ठेवून आलेली आई हंगाम संपताच परत जाईल, हा त्यामागचा हिशोब. २०१८ मध्ये त्यांतल्या काही जणींनी लैंगिक छळाच्या तक्रारी पुढे आणल्या, तेव्हा जगाला ही पद्धत कळली. बाईचे आईपण हेच तिला बांधून ठेवण्याचे साधन झाले. आपल्याकडे उचल जे करते, ते तिथे मायेकडून करवून घेतले.

दुसरे उदाहरण द्राक्षाचेच आहे. कॅलिफोर्नियात डेलानो येथे १९६५ साली द्राक्षमजुरांचा संप सुरू झाला. त्याच्या नेत्यांत डोलोरेस ह्युएर्ता ही बाई होती. पाच वर्षांनी, १९७० मध्ये, बागायतदारांनी करार केले. त्यांतली एक महत्त्वाची मागणी दराची नव्हती. मजूर ठेकेदाराने आणायचे नाहीत, संघटनेच्या कचेरीतून, यादीप्रमाणे, नावानिशी पाठवायचे, ही ती मागणी होती. मजूर कोण शोधतो यावर सगळे अवलंबून आहे हे त्या मजुरांनी ओळखले होते.

मग करायचे काय?

लहान शेतकरी लगेच विचारेल की भेंडीला भाव नाही, मजुरी वाढवू कशी? हा प्रश्न टाळता येणार नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले, तेव्हा शेतकरी घरातल्या बाईच्या राबण्याला किंमत नाही, हे हजारो बायांनी ऐकले आणि सांगितले. तिच्या मालाला भाव मिळाला पाहिजे, हे आपण मानतोच. पण बाजाराने तिच्यावर टाकलेले ओझे तिने कातकरी बाईच्या पाठीवर ठेवावे, हे मान्य करता येत नाही. शिवाय पुढे सुचवलेल्या बऱ्याच गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. मुकादम मधे जे कापून घेतो ते वाचले तर दोघींचेही भले होईल.

पहिली गोष्ट नावाची. हजेरीवहीत प्रत्येक बाईचे स्वतःचे नाव असावे. उचल द्यायचीच असेल तर तिच्या वाट्याची तिच्या हातात, लेखी, आकड्यासह द्यावी. जोडीचा दर बंद व्हावा.

दुसरी, दर हंगामाआधी उघड ठरावा. ग्रामसभेत किंवा महिला मंडळाच्या बैठकीत तोडणीचा, विरळणीचा, उक्त्याचा दर ठरवून फळ्यावर लिहावा. उक्ते काम किती तासांचे होते हेही त्यात मोजावे.

तिसरी, वाहन माणसांचे असावे. कामावर जाण्या-येण्याचा वेळ दिवसात धरावा.

चौथी, मूल, पाणी, संडास आणि हातमोजे. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवून दाखवल्या. जवळजवळच्या पाच-सहा बागा मिळून एक पाळणाघर चालवणे अशक्य नाही.

पाचवी, मुकादमाची ग्रामपंचायतीत नोंद व्हावी. इंग्लंडमध्ये २००४ साली चिनी मजूर समुद्रात बुडून मेल्यावर शेतमजुरांच्या टोळ्या पुरवणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला. आपण अपघाताची वाट का पाहावी? मुकादमाने किंवा मालकाने छळ केला तर २०१३ च्या कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक समितीकडे शेतमजूर बाईलाही तक्रार करता येते. हे किती जणींना सांगितले गेले आहे?

आणि सर्वांत महत्त्वाचे, शोधण्याचे काम बायांनी आपल्याकडे घ्यावे. गावोगाव बचत गट आहेत. दहा-बारा जणींची टोळी, त्यांनीच आळीपाळीने निवडलेली पुढारीण, शेतकऱ्याशी थेट बोलणी आणि प्रत्येकीच्या नावावर जमा होणारे पैसे, हे आजही करता येण्यासारखे आहे. गटातून भादव्यात छोटे कर्ज मिळाले तर मुकादमाच्या उचलीची गरजच कमी होते. उचलीचे मूळ त्या दोन महिन्यांच्या उपासमारीत आहे, तिथेच हात घातला पाहिजे. शेतकरी घरातली बाई आणि मजूर बाई यांनी एका चटईवर बसून हंगाम ठरवणे सोपे नाही. जात मधे येईल, जमीन मधे येईल. तरी ती बैठक बोलावण्याचे काम आपल्यासारख्या गटांचेच आहे.

सुरुवात म्हणून एवढे करावे. येत्या हंगामात प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतून बाहेर गेलेल्या बायांची एक वही ठेवावी. तिला कोणी बोलावले, उचल कोणी घेतली, वहीत नाव कोणाचे, ती कशात बसून गेली, परत आली तेव्हा हातात काय होते, एवढेच पाच रकाने पुरेत. गावागावांतल्या अशा वह्या घेऊन आपण तहसीलदारापुढे, कामगार अधिकाऱ्यापुढे, ग्रामसभेपुढे बसू, तेव्हा 'बाया मिळत नाहीत' या वाक्याला उत्तर देता येईल. आपापल्या गावातले अनुभव, उचलीचे आकडे आणि ठरलेले दर आमच्याकडे जरूर लिहून पाठवा.